पाळी नसताना पंप सुरू का झाला: मायक्रोकंट्रोलरच्या रॅमची वाटणी

रावेरकडच्या एका केळीच्या मळ्यात ठिबकच्या पंपाची पेटी मी बसवली. आत एटीमेगा ३२८पी हा एव्हीआर जातीचा मायक्रोकंट्रोलर. दिवसभर सगळं ठीक. रात्री थ्री-फेज लाइट आली, पेटीने मालकाला एसएमएस धाडला, की पाळी नसतानाही पंप सुरू! चार रात्री मळ्यात काढून रिले बदलले, वायरी तपासल्या. दोष रॅमच्या, म्हणजे चिपच्या चालू कामाच्या मेमरीच्या, वाटणीत होता.

या चिपला फ्लॅश, म्हणजे प्रोग्रॅम साठवायची कायमची मेमरी, ३२ केबी, पण रॅम फक्त २०४८ बाइट्स, पत्ता २५६ ते २३०३. ती खालून भरत जाते. किंमत देऊन घोषित केलेली ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल्स ‘डेटा’ विभागात, त्यांच्यावर शून्याने सुरू होणारी ‘बीएसएस’मध्ये. ‘डेटा’च्या किमती फ्लॅशमध्येही ठेवाव्या लागतात, ‘मेन’ हे मुख्य फंक्शन सुरू होण्याआधी स्टार्टअप कोड त्या रॅममध्ये उतरवतो. फंक्शनच्या आतल्या लोकल व्हेरिएबल्सना आधी रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधल्याच छोट्या जागा मिळतात, मोठे अ‍ॅरे मात्र स्टॅकवर, म्हणजे रॅममधल्या तात्पुरत्या जागेत जातात. स्टॅक वरच्या टोकापासून खाली उतरतो आणि इंटरप्टही (चालू काम मध्येच थांबवून धावणारा कोड) तोच वापरतो. दोन वावरांमध्ये बांध असतो, इथे तोही नाही. स्टॅक खाली घुसला तर चिप ओरडत नाही.

माझा हिशेब असा होता: ओलाव्याच्या ६०० नोंदी, प्रत्येकी २ बाइट्स, म्हणजे १२००. संदेशांची वाक्यं ६४०. सीरियल बफर वगैरे १५०. एकूण १९९०. स्टॅकला उरले ५८, आणि एसएमएसच्या फंक्शनमध्ये ८० बाइट्सचा लोकल अ‍ॅरे! ‘बीएसएस’च्या अगदी शेवटी पंपाच्या स्थितीचं व्हेरिएबल बसलं होतं. संदेशाची अक्षरं त्याच्यावर लिहिली जायची, शून्याच्या जागी दुसरं काही आलं की पंप चालू.

तुम्ही आधी एव्हीआर-साइझ हे विभागांचे आकार सांगणारं साधन चालवा. ‘डेटा’ आणि ‘बीएसएस’ यांची बेरीज २०४८ मधून वजा करा. उरेल ते स्टॅक आणि हीपचं (प्रोग्रॅम चालताना मागून घेतलेली मेमरी). मग प्रोग्रॅम बांधताना लिंकरने बनवलेली मॅप फाइल उघडून सर्वांत मोठी नावं शोधा. कोण कुठल्या पत्त्यावर बसलंय ते तिथे स्वच्छ दिसतं, आणि माझ्या मते अर्धा रोग तिथेच सापडतो.

नुसतं कॉन्स्ट लिहून वाक्यं रॅममधून जात नाहीत, एव्हीआरवर त्यांना प्रोगमेम ही खूण लावून फ्लॅशमध्येच ठेवावं लागतं आणि वाचायची पद्धतही बदलावी लागते. सेन्सरचं १० बिटांचं वाचन मी ४ ने भागून एकेका बाइटात बसवलं. ओलाव्याला तेवढी बारकाई पुरते. १९९० चे ७५० झाले.

तरी बेरजेवर थांबू नका. सुरुवातीलाच रिकाम्या पट्ट्यात १७० हा आकडा भरा, सगळी कामं करून घ्या, एसएमएससुद्धा, आणि किती १७० शाबूत राहिले ते मोजा. शंभराहून कमी उरले तर मी पेटी मळ्यात नेत नाही.