फाटा ते शाळा : छेडछाडीचा रस्ता गावाने कसा मोकळा करावा

खेड्यात छेडछाडीची तक्रार दबते ती टवाळ पोरांच्या धाकापेक्षा घरच्यांच्या धाकाने. नाव बाहेर आलं की शाळा बंद आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न. म्हणून छेडछाड थांबवायला गावात गट केला, तर त्याच्या कामात मुलीचं नाव कुठेच येऊ देऊ नका. जागा आणि वेळ एवढंच पकडा.

सात-आठ जणांचा गट पुरे, निम्म्याहून जास्त बाया. आशाताई, बचत गटातल्या एक-दोघी, एक शिक्षिका, फाट्यावरचा हॉटेलवाला, मुलींना आणणारा ऑटोवाला. ज्यांचा रोजचा रस्ता तोच, ती माणसं कामाची. निवडणुकीला उभं राहायच्या तयारीतल्यांना लांब ठेवा. बीड, जालन्याकडच्या ऊसतोडीच्या गावांत दिवाळीच्या आगेमागे आईबाप कारखान्यावर जातात, मुली आजीजवळ राहतात. तिथे त्या गल्लीतली एक बाई गटात हवीच.

मग शाळा सुटल्यावर आठवी ते दहावीच्या मुलींसोबत फाट्यापर्यंत पायी चला. सोबत फक्त बाया. सर असले की मुली गप्प. ‘तुला कोण त्रास देतं?’ असं विचारलं की मान खाली जाते. ‘कुठं आलं की पाय उचलता?’ म्हटलं की सगळ्या एकदम बोलतात: पानटपरी, नळकांडी पूल, बंद पडलेलं गोदाम. जागा कागदावर मांडा. हा फेरफटका जूनमध्ये एकदा आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा करा. नोव्हेंबरात पावणेसहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि रस्त्याकडेची तूर डोक्याच्या वर गेलेली असते; जूनमध्ये मोकळा दिसलेला तुकडा तेव्हा पार झाकलेला असतो.

शिक्षिकेकडे एक शंभर पानी वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, काय झालं, गाडीचा नंबर, एवढेच रकाने. ‘साडेपाच, नळकांडी पूल, काळी मोटारसायकल, तिघे, गाडी आडवी लावली’ अशी नोंद पुरेशी. दोन-तीन आठवड्यांत तीच जागा, तीच वेळ पुन्हा पुन्हा दिसू लागते. वहीत मुलीचं नाव शिरलं की दुसऱ्या दिवसापासून नोंदी थांबतात.

दिव्यासाठी ग्रामपंचायतीला अर्ज दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेला दिवा लागत नाही. महिला ग्रामसभेत तो विषय इतिवृत्तात लिहून घ्या. एसटी शाळा सुटण्याआधीच निघून जात असेल किंवा तासभर थांबावं लागत असेल, तर मुख्याध्यापकांच्या पत्रासह आगार व्यवस्थापकांकडे जा. फाट्यावरचा ताटकळण्याचा वेळ कमी झाला की अर्धा त्रास तिथेच संपतो. टपरीवाल्याशी भांडू नका. बाकडं रस्त्याच्या बाजूने उचलून मागे टाकायला लावा.

प्रकार डोळ्यासमोर घडत असेल तर आधी मुलीजवळ जा, पोरांकडे नंतर. ‘बाई, लातूरची गाडी गेली का?’ असं काहीही विचारा आणि गाडी येईपर्यंत तिच्या शेजारी उभ्या राहा. चित्रण करायचंच तर गाडीचा नंबर टिपा, मुलीचा चेहरा नको. मारहाण तर अजिबात नको. पोराला चौकात बडवलं की संध्याकाळपर्यंत दोन जाती समोरासमोर येतात आणि मूळ तक्रार कुणाच्या लक्षात राहत नाही.

धोका असेल तर लगेच 112 ला, म्हणजे पोलीस मदतीच्या नंबरला, फोन करा. दामिनी पथक (छेडछाड रोखणारं महिला पोलिसांचं पथक) असेल तर जागा-वेळेची यादी त्यांना लेखी द्या. ‘गस्त वाढवा’ एवढ्यावर काही होत नाही. भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळाला कलम 75, पाठलागाला 78, अश्लील शब्द-हावभावांना 79 आहे. या गुन्ह्यांत बाईची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर शून्य क्रमांकाने नोंद (झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली फिर्याद) मागा. तरीही नाकारलं तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा.

मुलगी 18 वर्षांखालची आणि प्रकार लैंगिक असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो. तिथे वहीवर थांबता येत नाही: माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि गावात बसवून मिटवणं बेकायदेशीर. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, साध्या कपड्यांतल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा असा कायदा आहे. दारात पोलिसांची गाडी नको असेल तर फोनवर हे आधीच सांगून ठेवा.