बाहेर रेषा, घरी रंग : पुण्यात आर्ट जर्नल चालवताना

आर्ट जर्नल ही चित्र, अक्षरे, चिकटवलेले कागद आणि तारीख एकाच पानावर सांभाळणारी वही असते. रोजनिशीप्रमाणे ती रोज लिहिण्याचे बंधन नसते, आणि चित्रकला शाखेच्या विद्यार्थ्याच्या सराववहीप्रमाणे तिच्यातले रेखाटन कोणी तपासत नाही, त्यामुळे चित्रकला न शिकलेल्या माणसालाही हा छंद सहज जमतो. तरीही पुष्कळांच्या वह्या दहाबारा पानांवर थांबतात. कंटाळ्यापेक्षा सामानाचा घोळ हे त्याचे अधिक सामान्य कारण असावे. माणसे मंडईतल्या गर्दीत ओले रंग उघडून बसतात आणि घरातल्या निवांत टेबलावर मात्र काय काढावे याचा विचार करत राहतात. बाहेर फक्त रेषा आणि नोंदी घ्यायच्या, रंग, चिकटवणे आणि थर देण्याचे काम घरी करायचे, एवढी विभागणी पाळली तर वही चालू राहते. पुढील सूचना याच विभागणीवर आधारलेल्या आहेत.

सुरुवात कागदापासून करावी, कारण बाकी सर्व त्याच्यावर अवलंबून असते. शाळेच्या वहीचा कागद साधारण ६० ते ७० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन इतके ग्रॅम) असतो आणि त्यावर पाण्याचा हात फिरला की तो लगेच सुरकुततो. पेन, पेन्सिल आणि थोडे चिकटकाम एवढेच करायचे असेल तर १२० ते १५० जीएसएमचा कागद पुरतो. जलरंग अधूनमधून वापरायचे असतील तर २०० च्या आसपासचा घ्यावा. आणि पान पाण्याने भिजवून रंगवण्याची हौस असेल तर ३०० जीएसएमला पर्याय नाही. महागडी बांधीव वही मात्र पहिल्या खेपेला घेऊ नये. तिचे पहिले पान खराब होईल या धास्तीने ती कपाटातच राहते. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात सुटे कागद मिळतात, आणि हातकागदाची आवड असणाऱ्यांनी शिवाजीनगरच्या के. बी. जोशी पथावरील, १९४० पासून काम करणाऱ्या हातकागद संस्थेची माहिती अवश्य घ्यावी. हातकागद निवडताना एका कोपऱ्यावर शाईचा थेंब टाकून पाहावा. कागदाला पुरेशी खळ दिलेली नसेल तर शाई टिपकागदावर पसरावी तशी पसरते; असा कागद चिकटकामाला सुंदर दिसतो, पण लिहिण्याच्या उपयोगाचा नसतो.

वही घरीच शिवणे अवघड नाही. चित्रकलेच्या कागदाचा मोठा ताव साधारण २२ × ३० इंचांचा असतो. त्याची २२ इंचांची बाजू दोन भागांत आणि ३० इंचांची बाजू चार भागांत विभागली की ११ × साडेसात इंचांचे आठ तुकडे होतात. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडून चार-चार तुकडे एकमेकांत बसवले की प्रत्येकी सोळा पानांच्या दोन पुस्तिका तयार होतात. घडीच्या रेषेवर दाभणाने तीन भोके पाडावीत, एक मधोमध आणि दोन टोकांपासून साधारण इंचभर आत. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढावी आणि दोऱ्याचे चार बोटे टोक आत मोकळे ठेवावे. मग ती वरच्या भोकातून आत घ्यावी, आतल्या बाजूने मधले भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर काढावी आणि शेवटी मधल्या भोकातून पुन्हा आत आणावी. आता दोऱ्याची दोन्ही टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतील अशी ठेवून गाठ मारली की शिवण पक्की होते. दोरा जाड सुती घ्यावा आणि त्यावरून मेणबत्ती एकदा फिरवावी. ३०० जीएसएमच्या कागदाची चारपदरी घडी फार फुगते, म्हणून तेथे दोन-दोन तुकड्यांच्याच पुस्तिका कराव्यात. वेष्टनासाठी जाड लग्नपत्रिका उत्तम असतात, आणि मराठी घरात त्यांचा तुटवडा कधीच नसतो. त्यावर खणाच्या कापडाचा उरलेला तुकडा चिकटवला तर विकतच्या वहीची आठवणही येत नाही.

घरच्या सामानात आरंभी जलरंगाची एक छोटी पेटी, एक जाड आणि एक बारीक ब्रश, कात्री, डिंकाची कांडी, पातळ केलेला फेव्हिकॉल आणि पाण्याने न पसरणाऱ्या शाईचे काळे पेन एवढेच असावे. पेनाची परीक्षा आधी करावी: रेघ मारून ती वाळू द्यावी आणि वरून ओला ब्रश फिरवावा. फाउंटन पेनच्या बहुतेक शाया या परीक्षेत पसरतात. रंगांच्या बाबतीत चौवीस वड्यांच्या पेटीपेक्षा चारपाच रंगांची ओळख अधिक कामाची ठरते. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हे दोन रंग एकत्र केले की प्रमाणानुसार उबदार तपकिरीपासून थंड निळसर राखाडीपर्यंत सर्व छटा मिळतात, आणि पुण्याच्या वाड्यांचा, देवळांचा व टेकड्यांचा काळा पाषाण जवळजवळ पूर्णपणे याच दोन रंगांत रंगवता येतो. त्याच निळ्यात पिवळा ऑकर मिसळला की वेताळ टेकडीच्या गवताचा पावसाळ्यानंतरचा विटका हिरवा हाती लागतो. पेटीतला तयार हिरवा रंग त्याच्यापुढे प्लॅस्टिकचा वाटतो.

कोरे पान समोर आल्यावर काय करावे हा प्रश्न सर्वांना पडतो. त्यावर उपाय एकच, पान कोरे ठेवायचेच नाही. मोकळ्या वेळी चारपाच पानांवर पातळ रंगाचा हात देऊन ठेवावा, किंवा जुन्या नकाशाचा, पंचांगाच्या पानाचा, साडीच्या खोक्यातल्या पातळ कागदाचा तुकडा चिकटवून ठेवावा. अशा पानावर नंतर काहीही काढले तरी ते आधीच सुरू झालेल्या गोष्टीला उत्तर दिल्यासारखे होते. शीर्षकासाठी बोरू आणि शाई वापरून पाहावी; बोरूच्या तिरक्या टोकामुळे देवनागरी अक्षराला आपोआप जाडबारीक वळण मिळते, आणि ज्याला आपले अक्षर वाईट आहे असे वाटते त्याच्याही पानाला रुबाब येतो.

चिकटवण्याच्या वस्तूंबाबत थोडी सावधगिरी हवी. पीएमपी बसच्या यंत्रातून निघणारे तिकीट आणि दुकानांच्या पावत्या उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेल्या असतात. त्यांची अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून मार्ग, तारीख आणि भाडे शेजारी हाताने लिहून ठेवावे किंवा तिकिटाची झेरॉक्स चिकटवावी. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो. तो पिवळेपणा आवडत असेल तर हरकत नाही, अन्यथा त्याचीही प्रत काढावी. पाने-फुले चिकटवण्यापूर्वी वर्तमानपत्राच्या घडीत, जड पुस्तकांखाली किमान आठवडाभर दाबून वाळवावीत. आपट्याचे पान आणि बहाव्याची पाकळी चांगली वाळते, जास्वंद मात्र ओलसर राहून डाग पाडते. मैद्याची खळ अजूनही उत्तम चिकटते. जुने पुस्तकबांधणीवाले किडीपासून बचाव म्हणून तीत मोरचूद घालत, पण ते विषारी असल्याने मुले असलेल्या घरात त्याच्या वाटेला जाऊ नये. त्याऐवजी खळ थोडी-थोडी ताजी करावी.

बाहेर जाताना खिशात मावेल एवढी वही, एक पेन, एक पेन्सिल आणि दोन चिमटे पुरेत. चिमटे वाऱ्यासाठी असतात. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून वर बसले की त्यांचे महत्त्व कळते. चित्राशेजारी रंगांची नावे शब्दांत लिहावीत, जसे ‘कौले – वाळलेल्या मिरचीसारखी, सावली निळी’. घरी रंगवताना छायाचित्रापेक्षा ही नोंद अधिक उपयोगी पडते, कारण मोबाइलचा कॅमेरा सावल्या काळ्या करून टाकतो. ही पद्धत नवीन नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या गंगाराम तांबट यांनी पेशव्यांच्या दरबारातले इंग्रज वकील (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी वेरूळची लेणी प्रत्यक्ष जागेवर जाऊन रेखाटली, आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही त्यांनी कागदावर उतरवला.

नवशिक्याने पहिली जागा म्हणून जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर निवडावे. राष्ट्रकूटकाळातले हे लेणे एकाच खडकात कोरलेले आहे, तेथील नंदीमंडप गोल आहे, सावली भरपूर आहे आणि कोणी खांद्यावरून डोकावत नाही. गोल छत आणि चौकोनी खांब यांचे प्रमाण हात ताठ धरून पेन्सिलीने मोजण्याचा सराव येथे चांगला होतो. महात्मा फुले मंडईची १८८६ मधली दगडी इमारत मात्र पहिल्या फेरीत संपूर्ण काढायला जाऊ नये. मधला अष्टकोनी मनोरा तेवढा घ्यावा, किंवा त्याहूनही चांगले म्हणजे एकच गाळा, त्यातला तराजू आणि भाजीची रास. गर्दीत भिंतीला पाठ लावून उभे राहावे आणि पाच मिनिटांत जेवढे होईल तेवढ्यावर थांबावे. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा समोरून काढला की पाटीवरच्या चित्रासारखा दिसतो. त्याऐवजी दारावरचे अणकुचीदार खिळे जवळून काढल्यास पान जिवंत होते. विक्रेत्यांचे चेहरे काढायचे असतील तर आधी विचारावे, आणि काढून झाल्यावर दाखवावे. बहुतेकांना ते आवडते, आणि भाव करताना त्याचा उपयोग होतो असे म्हणतात.

प्रवासात हात हलतो, आणि तो हलू द्यावा. लोणावळा लोकलमध्ये किंवा एसटीत सरळ रेघेचा हट्ट धरण्यापेक्षा खिडकीच्या चौकटीचे छोटे-छोटे चौकोन आखून प्रत्येकात एका स्थानकाचे दोनतीन फटकारे घ्यावेत. सिंहगडावर डोंगररांगा काढताना जवळची रांग गडद आणि मागची क्रमाक्रमाने फिकट, निळसर ठेवली की अंतर आपोआप दिसते. भजी आणि मडक्यातले दही यांचे चित्र मात्र केवळ बाह्यरेषेत घ्यावे आणि लगेच खायला लागावे.

पावसाळ्याचे चार महिने वहीला जपावे लागते. जून ते सप्टेंबरमध्ये रंगवलेले पान पूर्ण वाळायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागतो, आणि ॲक्रिलिकची दोन पाने समोरासमोर आली तर वाळल्यानंतरही ती एकमेकांना चिकटतात. त्यांच्यामध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवावा. वही भिंतीला टेकवून किंवा बंद लोखंडी कपाटात ठेवू नये, तेथे दमट हवेत कसर लागते. औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या वहीजवळ ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा, ऊन पडलेल्या दिवशी, वही सावलीत उघडी करून पाने वारा लागेल अशी पंख्यासारखी पसरावीत. थेट उन्हात ठेवू नये, कारण स्वस्त मार्करचे रंग उन्हाने सर्वांत आधी उडतात. चिकटकामामुळे वही इतकी फुगली की मिटत नाही, तर प्रत्येक चार पानांमागे एक कोरे पान मुळापासून दोन बोटे सोडून कापून टाकावे. उरलेली पट्टी फुगवट्याला जागा देते आणि शिवण तुटत नाही.