झाडाचा शेंडा उडवायचं काम घेऊ नका, आखाजीनंतरच्या छाटणीसाठी सल्ला

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की जळगाव-धुळ्याकडे झाडं छाटणाऱ्या भावांचे फोन सुरू होतात. पावसाआधी निंब घरावर पडेल अशी मालकाला धास्ती असते आणि सांगणं एकच, "भाऊ, वरून अर्धं उडवून टाक." माझं स्पष्ट मत आहे, एखादा रोज बुडाला तरी चालेल पण हे काम घेऊ नका.

आधी कधी बोडका केलेला निंब असेल तर वर चढून जवळून बघा. कापलेल्या जागी लाकूड काळं पडलेलं, आत भुसभुशीत, आणि कडेनं सरळसोट फुटव्यांचा झुपका. हे फुटवे सालीजवळून वरवर निघालेले असतात, कोवळे असताना जोरात ओढले तर सालीसकट हातात येतात. काही वर्षांत तेच मनगटाएवढे होतात, झाड परत होतं तेवढं उंच, पण आता सांधा सडका, म्हणजे ज्या वादळाच्या भीतीनं कापलं त्याच वादळात फांदी पत्र्यावर येणार. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, सावलीत वाढलेली साल एकदम उघडी पडली की भाजते, तडकते आणि तिथूनच खोडकिडा शिरतो.

मग मालकाला काय सांगायचं? वाळलेल्या, किडक्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि घरावर आलेल्या फांद्या काढून देतो म्हणा, वारा आरपार गेला की झाडावरचा जोर कमी होतो. उंची कमीच करायची असेल तर फांदी मधेच तोडू नका, चांगली जाड बाजूची फांदी जिथं फुटली तिथपर्यंतच मागे घ्या, आणि एका खेपेला पाव हिश्शापेक्षा जास्त हिरवा पाला काढू नका. जड फांदीला आधी थोडं पुढे खालून खाच, मग वरून काप, शेवटी उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर वळ्याच्या बाहेरून. वळा कापला तर जखम भरत नाही.

शेवगा, बोर, तुती यांची गोष्ट वेगळी. बोराची खरड छाटणी (फांद्या खूप मागे कापणं) तर याच दिवसांत करतात, शेवग्याचा शेंडा लहानपणीच खुडावा लागतो. तो नियम निंब, चिंच, आंब्याला लावू नका. जुना आंबा खाली घ्यायचाच असेल तर फळं उतरल्यावर, टप्प्याटप्प्यानं, आणि कापांवर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत).

पालिका हद्दीत आधी परवानगी बघा, 1975 च्या झाडांच्या कायद्यात झाडाला इजा करणंही तोडण्यातच धरलंय. आणि तारेला लागलेली फांदी असेल तर महावितरणला कळवा, लाईन बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय कोणीही सांगितलं तरी झाडावर चढू नका.