गावच्या पाळकाचं आयुष्य लिहायचं तर आधी वही उघडा

आमचे अण्णा तापीकाठच्या एका गावात एकतीस वर्षं पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. ते गेल्यावर मंडळीने, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांनी, त्यांच्या आयुष्याविषयी लिहायचं काम माझ्यावर सोपवलं. मी नेमणुकांची पत्रं, सत्काराची मानपत्रं गोळा केली. त्यांत अण्णा कुठेच नव्हते. ते सापडले बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्यांत.

म्हणून पहिलं काम वह्यांचे फोटो. दारातल्या उजेडात वही ठेवा, फ्लॅश नको, पान कोपऱ्यांसकट आलं पाहिजे. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नका. आयर्लंडमधल्या अँग्लिकन चर्चच्या अनेक मंडळ्यांनी जुन्या वह्या डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्यात ठेवल्या होत्या. ३० जून १९२२ रोजी, यादवीत, तो जळाला. किती गावांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं त्यात गेली! पण खेड्यांतल्या काही पाळकांनी वही पाठवण्याआधी हाताने नक्कल उतरून ठेवली होती, त्या गावांची माणसं आजही सापडतात. रात्री दिव्याशी बसून अनोळखी पिढ्यांची नावं उतरवणारा तो माणूस मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे आग लागायला नको, वाळवी पुरते.

मग वही वाचा, पण नावांपेक्षा रकाने जास्त बघा. वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात अण्णांनी वर्षानुवर्षं ‘शेतमजूर’ लिहिलंय. १९७२च्या दुष्काळात तिथे ‘खडी फोडणे’ येतं, आणि त्या वर्षी लग्न एकही नाही. राहण्याच्या गावांची नकाशावर टिंबं काढा, म्हणजे पाळकाची सायकल कुठवर जायची ते दिसेल. अण्णांचं सर्वांत लांबचं टिंब नदीपलीकडे आहे.

त्यानंतर माणसं. ‘ते कसे होते?’ असं विचारू नका, सगळे ‘देवमाणूस’ म्हणतात. ‘तुमच्या घरी आले तेव्हा कुठे बसले, काय खाल्लं?’ असं विचारा. एक म्हातारे बाबा म्हणाले, “पास्टरबाबा रातना बारा वाजताबी उनात (आले).” कशासाठी, ते विचारल्यावर बैल मेल्याची गोष्ट निघाली. अण्णा पहाटेपर्यंत गोठ्यात त्यांच्याशेजारी बसले होते, कळण्याची भाकर आणि ठेचा खाऊन परतले. हे बाबा मंडळीतले नव्हते. अशा लोकांकडे जरूर जा.

रागावलेल्यांकडेही जा. सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न लावायला अण्णांनी नकार दिला, म्हणून तिच्या वडिलांनी कायमचं चर्च सोडलं. तिची धाकटी बहीण अजून म्हणते की अण्णांनी घरी येऊन वडिलांची समजूत काढायला हवी होती. मला ते पटतं, मी तसंच लिहिलंय.

लिहून झालं की त्याच माणसांना वाचून दाखवा. त्या धाकट्या बहिणीच्या, आता मावशी झालेल्या बाईंच्या, ओट्यावर मी सगळं वाचलं. नकाराच्या भागावर त्या काहीच बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, “सायकल काळी नव्हती, हिरवी व्हती.” घरी येऊन आधी ते दुरुस्त केलं.