डेटाचं बिल फुगून आलं तर काय करायचं

गेल्या पावसाळ्यात माझं पोस्टपेडचं बिल ३,९१२ रुपये आलं. एरवी ते पाचशेच्या आसपास असतं. मी कराडला घरीच शिकवण्या घेते आणि मुलांना व्हिडिओ दाखवायला हॉटस्पॉट लावते. त्यामुळे आधी वाटलं, आपलाच वापर वाढला असेल. पण जादा डेटा ज्या तीन दिवसांचा दाखवला होता, त्या तीन दिवसांत माझा फोन डिस्प्ले बदलायला दुकानात होता आणि सिम घरी कपाटाच्या खणात. दुकानाची तारखेची पावती मी जपून ठेवली होती. पुढे सगळं त्या पावतीवर उभं राहिलं.

तक्रार करण्याआधी एक संध्याकाळ स्वतःच्या हिशेबाला द्या. कंपनी तिच्या यंत्रणेवर मोजते, आपण फोनवर बघतो, आणि हे दोन आकडे तंतोतंत कधीच जुळत नाहीत. अँड्रॉइडवर डेटा यूसेजमध्ये सायकलची, म्हणजे मोजणी ज्या दिवशी नव्यानं सुरू होते ती, तारीख बिलाच्या तारखेशी जुळवून घ्या. आयफोनवर तो आकडा सहसा हातानं शून्यावर आणावा लागतो. दोन सिम असतील तर प्रत्येकाचा आकडा वेगळा बघा. केबी, एमबी, जीबी यांचा हिशेब कुठे १,००० च्या पटीत होतो, कुठे १,०२४ च्या. जीबीमागे सुमारे सात टक्के फरक एवढ्यानंच पडू शकतो. म्हणून दीड-दोन जीबीच्या तफावतीसाठी भांडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारच्या काकूंचा प्रीपेडचा रोजचा दीड जीबी सकाळी दहालाच संपायचा. आम्ही ॲपवार वापर उघडून पाहिला, तर फोटोंचा बॅकअप वायफायऐवजी मोबाइल डेटावर चालू होता. तो बंद केला आणि तक्रारीचं कारणच उरलं नाही.

हिशेब करूनही तफावत मोठी राहिली, तर कागद गोळा करा. मागच्या सहा महिन्यांची बिलं, डेटा यूसेजचे स्क्रीनशॉट आणि कंपनीचे एसएमएस. ट्राय म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिच्या २०१५ च्या नियमांनुसार डेटा ५०, ९० आणि १०० टक्के वापरला गेला की ग्राहकाला कळवायचं असतं. असे एसएमएस आले नसतील तर तेही तक्रारीत लिहा. प्रीपेडवाल्यांना वापराचा तपशील मागता येतो. त्यासाठी कंपनी ५० रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, आणि तपशील मागच्या सहा महिन्यांपर्यंतचाच मिळतो. तेव्हा दिवस घालवू नका. बिल ऑटो-पेवर असेल तर ते आजच बंद करा. मी नेहमीएवढी रक्कम भरली आणि उरलेल्या रकमेवर हरकत असल्याचं ईमेलनं कळवलं.

पहिली तक्रार कंपनीच्या १९८ या तक्रार क्रमांकावर करायची. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. त्याच दिवशी तीच तक्रार ईमेलनंही पाठवा. मी लिहिलं होतं: ‘या तीन दिवसांत सिम कोणत्याही फोनमध्ये नव्हतं. प्रत्येक सेशनची सुरू आणि बंद झाल्याची वेळ, त्यात वापरलेला डेटा आणि सिम ज्या हँडसेटमध्ये होतं असं तुमची नोंद सांगते त्याचा आयएमईआय कळवावा.’ आयएमईआय म्हणजे प्रत्येक हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक. त्याचा प्रश्न जरूर विचारा. आपल्या फोनचा हा क्रमांक *#०६# दाबलं की दिसतो, आणि माझ्या पावतीवर दुकानदारानं तो लिहिलेलाच होता.

आठ दिवसांनी उत्तर आलं: ‘आमच्या सिस्टिमनुसार वापर बरोबर आहे.’ बहुतेक लोक इथेच थांबतात आणि पैसे भरून टाकतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत नसतं. याच्या पुढची पायरी कंपनीतच असते, तिला अपिलेट ऑथॉरिटी म्हणतात. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार ३० दिवसांत अपील करायचं. फी नाही, आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. डॉकेट नंबर, पहिलं उत्तर, पावती आणि अनुत्तरित राहिलेले प्रश्न असं सगळं जोडून मी अपील केलं. एकतिसाव्या दिवशी जादा रक्कम रद्द झाल्याचं पत्र आलं.

तिथंही दाद मिळाली नाही तर ट्रायकडे धावू नका. ट्राय एकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, आणि टीडीसॅट हे दूरसंचार वादांचं न्यायाधिकरणही त्यासाठी नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. प्रकरण चालू असताना सेवा तोडू नये, असा अंतरिम आदेशही मागता येतो. स्क्रीनशॉट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र सोबत द्यावं.

‘टेलिफोनची तक्रार इथे चालत नाही, लवादाकडे जा’ असं कुणी सांगेल. २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे अनेक वर्षं ग्राहकांना तसंच परत पाठवलं जायचं. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच न्यायालयानं व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा असल्याचं स्पष्ट केलं. तो ग्राहक अहमदाबादचा होता. महिन्याला सरासरी ५५५ रुपये बिल यायचं, ते २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या एका महिन्यात २४,६०९ रुपये ५१ पैसे आलं, आणि त्याच्या क्रेडिट कार्डावर ऑटो-पे लावलेलं होतं. या निकालाची प्रत तक्रारीला जोडाच.

रक्कम रद्द झाल्याचं पत्र आलं तरी पुढची दोन बिलं तपासा. माझ्या पुढच्या बिलात जादा रक्कम वजा झाली होती, पण तिच्यावर लावलेला उशिराचा दंड तसाच होता. जुना डॉकेट नंबर देऊन मी पुन्हा एक ईमेल पाठवला, तेव्हा तो त्याच्या पुढच्या बिलात निघाला.