नाशिकमध्ये चेलोची शिकवणी कशी लावावी

नाशिकमध्ये तबल्याचा, हार्मोनियमचा, गाण्याचा क्लास विचाराल तर शेजारीपाजारीच कुणीतरी सांगेल. चेलोचं, म्हणजे बसून गजाने (तारांवर ओढायच्या काठीने) वाजवायच्या, व्हायोलिनसारख्याच पण बऱ्याच मोठ्या वाद्याचं, तसं नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी शिक्षक, मग वाद्य. स्वस्तात दिसला म्हणून चेलो मागवायचा आणि मग शिकवणार कोण हे शोधत फिरायचं, यात वाद्य नुसतंच कोपरा अडवून बसतं.

१. शिक्षक गाठा

सुरुवात शहरातल्या पाश्चात्त्य व्हायोलिन शिकवणाऱ्यांकडे चौकशी करून करा. पण व्हायोलिन येतं म्हणजे चेलो शिकवता येईलच, असं धरून चालू नका. चेलोवर गज वेगळा धरतात, आणि शेजारशेजारच्या दोन बोटांत साधारण अर्ध्या स्वराचंच अंतर राहतं. शहरात कुणी मिळालं नाही, तर मुंबई-पुण्यातला शिक्षक ठरवून आठवड्याला ऑनलाइन धडा आणि जमेल तशी प्रत्यक्ष भेट, हा मधला मार्ग चालतो. मात्र पहिले काही धडे समोरासमोरच घ्या. गजावरचा अंगठा वाकलाय की ताठ, खांदा वर चढलाय का, हे मोबाइलवर नीट कळत नाही.

२. माप बघा

चेलो पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत मिळतो. उंची पाच फुटांच्या पुढे असेल तर बहुधा पूर्ण, साडेचार ते पाच फुटांना पाऊण, चार ते साडेचारला अर्धा, त्याखाली पाव. हा फक्त अंदाज. खरी परीक्षा बसूनच होते. पावलं जमिनीला टेकलेली, वाद्याची वरची कड छातीच्या हाडावर, सगळ्यात जाड तारेची खुंटी डाव्या कानाच्या मागे आणि हात न ताणता बोटं तारांवर पोचली, तर माप बरोबर. मूल वाढतंय, तर भाड्याने मिळतो का ते आधी विचारा.

खुर्ची बिनहाताची, सपाट बैठकीची हवी. प्लास्टिकची खोलगट खुर्ची नको. आपल्या फरशीवर चेलोच्या खालची टोकदार दांडी सटासट सरकते. एक जाड पट्टा घेऊन त्याचं एक टोक खुर्चीच्या पुढच्या पायात अडकवा आणि दुसऱ्या टोकाला भोक पाडून त्यात दांडी रोवा. तेवढ्यावर काम भागतं.

३. वयाप्रमाणे धडा ठरवा

सहा-सात वर्षांच्या मुलाला अर्ध्या तासाचा धडा पुरे. घरी रोज दहा-पंधरा मिनिटं, आणि त्या वेळी आई-बाबांपैकी एक जण जवळ. शाळेतल्या मोठ्या मुलांना पाऊण तास. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या पहिली ते आठवी ग्रेडच्या परीक्षा त्यांना हुरूप देतात. पण वर्षभर परीक्षेचेच तुकडे घोटून घेणारा शिक्षक मी तरी टाळीन.

मोठ्या माणसांचं वेगळं. त्यांची बोटं उशिरा वळतात, पण कान तयार असतो. ज्यांना सरगम येते पण स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नाही, त्यांनी शिक्षकांना सांगून सुरुवात अशी करून बघावी. चेलोच्या तारा जाडीकडून बारीककडे सी, जी, डी, ए. तानपुऱ्याचं अ‍ॅप पांढरी दोनवर, म्हणजे डी स्वरावर, लावा. मोकळी डी तार म्हणजे सा; तिच्यावर पहिलं बोट रे, तिसरं शुद्ध ग, चौथं म. मोकळी ए म्हणजे प. तिच्यावर त्याच बोटांनी ध, नी आणि वरचा सा. अख्खं सप्तक हात न हलवता! चेलोला पडदे नसतात, त्यामुळे स्वर तानपुऱ्यात मिसळला की नाही हे आपल्या कानानेच ओळखावं लागतं. स्टाफ नोटेशन नंतर शिकावंच लागेल, पण त्यासाठी पहिला महिना अडवून ठेवू नये.

आधी व्हायोलिन वाजवलेल्यांनी गज नव्याने धरायला शिकावं. अर्धवट सोडून परत वळलेल्यांनी पहिल्या भेटीत एक सोपी चाल वाजवून दाखवावी आणि कुठून सुरू करायचं ते शिक्षकांवर सोडावं.

४. ऑनलाइन धड्याची तयारी

फोन उजव्या बाजूला, थोडा तिरका, छातीच्या उंचीवर ठेवा. गज आणि डावा हात दोन्ही दिसले पाहिजेत. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर लांब ओढलेला स्वर गोंगाट समजून कापला जातो.

५. वाद्य सांभाळा

वाजवून झालं की गज सैल करा. एप्रिल-मेच्या उन्हात चेलो बंद गाडीत ठेवू नका, जोडांचा सरस सुटतो. पावसाळ्यात खुंट्या आवळतात. थंडीत हवा कोरडी झाली की सैल पडून घसरतात. अशा वेळी खुंटी आत दाबत फिरवा. तारा बदलायच्या तर एकेकच. चारही एकदम काढल्या तर आतला साउंडपोस्ट, म्हणजे वरच्या-खालच्या फळ्यांमध्ये नुसता अडकवलेला लाकडी दांडा, पडू शकतो. पडलाच, तर तारा न ताणता वाद्य जाणत्या कारागिराकडे न्या. घरी काडी घालून उभा करायला जाऊ नका.