तलावातून पाणी उपसताना या चुका टाळा

दर उन्हाळ्यात तेच. पाणी खालावलं की फुटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची झडप) सरकवायचा कंटाळा येतो आणि तो सरळ तळाशी सोडला जातो. तळाचं पाणी आणि वरचं पाणी एक नसतं, हे किती वेळा सांगायचं!

भंडारा जिल्ह्यातल्या एका मामा तलावावर (म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या काळातल्या तलावावर) नव्या पंपवाल्या पोरानं एप्रिलात हेच केलं. "भाऊ, आता पावसाळ्यापर्यंत पाह्याचं काम नाही." आठवड्याभरात नळाला सडक्या अंड्याचा वास. मग ब्लीचिंग पावडर दुप्पट टाकली, तर पाणी तांबूस झालं, धुतलेल्या कपड्यांवर डाग पडले. पाइप गंजला म्हणून दोन जागी रस्ता खोदला. पाइप ठणठणीत होता.

उन्हानं तापलेलं पाणी हलकं, ते वर राहतं. थंड, जड पाणी खाली बसतं आणि वारा त्याला घुसळू शकत नाही. तिथं पालापाचोळा कुजताना प्राणवायू संपतो, गाळातलं लोह नि मँगनीज पाण्यात विरघळतं. तो वासही तिथलाच. हे पाणी उपसताना नितळ दिसतं. हवा किंवा क्लोरीन लागला की लोह तांबडं, मँगनीज काळपट होऊन बाहेर पडतं. ब्लीचिंगनं पाणी बिघडवलं नव्हतं, त्यात होतं तेच दिसायला लागलं.

मी फुटव्हॉल्व्ह लवचीक होजला लावतो आणि रिकाम्या बंद ड्रमला दोरीनं टांगतो, पाण्याच्या पातळीखाली साधारण 3 फूट. पाणी उतरलं की तोही उतरतो. अगदी वर नको, तिथं शेवाळ असतं. शंका आली तर काचेच्या बाटलीत पाणी रात्रभर उघडं ठेवतो. सकाळी तांबडा साका दिसला की व्हॉल्व्ह वर घेतो. जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. तुडुमाचं, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या जुन्या दाराचं, वरचं भोक आधी उघडायचं, पाणी उतरेल तसं खालचं. मोठ्या धरणांच्या जॅकवेललाही (पाणी उपसायच्या विहिरीलाही) वेगवेगळ्या उंचीवर दारं ठेवतात ती यासाठीच.

दुसरी चूक, गाळ धुऊन निघेल म्हणून तलावाचं दार एकदम पूर्ण उघडणं. निघतो तो फक्त तोंडाजवळचा गाळ, आणि तो पाटात नि धानाच्या बांध्यांत जाऊन बसतो. बाकीचा जागचा हलत नाही, तो कोरड्या तलावातून खोदूनच काढावा लागतो. शिवाय पाणी झपाट्यानं उतरलं तरी पाळ (तलावाचा मातीचा बांध) आतून भिजलेलीच असते; पाण्याचा आधार गेला की आतली बाजू घसरते. दार थोडं थोडं, दिवसांच्या अंतरानं उघडा. घाई असलेल्यानं पाळीवर हात ठेवूच नये.

पहिल्या पुराचं पाणी टाकीत घेऊ नका, काळ्या मातीचे बारीक कण कित्येक दिवस खाली बसत नाहीत.

तुरटी आधी बादलीत विरघळवा, खडा फिरवून टाकी साफ होत नाही.

शेवटचं पाणी मासळीला आणि जनावरांना राहू द्या.

पंप सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं पाणी बाहेर सोडा, आणि ती बाटली दर आठवड्याला भरून ठेवा.